कुलपातली अंबाडी

बाड हॉम्बुर्ग, १२ ऑगस्ट

चि. उत्कर्ष,

आशीर्वाद आहेतच, ते काही दर वेळी लिहायला नकोत. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर "आई, मीटिंग आहे" म्हणतोस. माझी अख्खी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात गेली आणि आता स्वतःच्या मुलाचाच लागत नाही. म्हणून कागद घेतला. मालविकाने तिकिटं आणून दिली आहेत. टपालाची पिवळी पेटी कोपऱ्यावर आहे आणि तिथवर मी तशाही रोज चकरा मारतेच.

येऊन आठवडा झाला. विमानतळावर मालविका आणि कुहू आल्या होत्या. तुला ड्रेस्डेनच्या नव्या नोकरीवर लगेच रुजू व्हायचं होतं, हे मला कळलं, मान्य आहे. पण तुझे बूट, तुझा रेनकोट, तुझं ते दाढीचं मशीन, काही म्हणजे काही या घरात दिसत नाही. नव्या नोकरीला माणूस हिवाळ्याचे कोटसुद्धा भर उन्हाळ्यात नेतो का रे? मालविकाला विचारलं तर म्हणाली, "आई, चहात आलं घालू?" तिने विषय बदलला की मीही बदलते. मग दोघी आल्याचा चहा पितो.

कुहू उंच झाली आहे. नाक तुझं, हट्ट माझा. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते आणि दोघींनाही वाटतं की गप्पा झकास चालल्या आहेत.

आणखी एक. मागच्या अंगणात, अवजारांच्या खोलीपलीकडे तू जाळी मारून तीन झाडं लावली आहेस, ती पाहिली. माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. मालविका म्हणाली, "ती उत्कर्षची आहेत आई, हात नका लावू." मी कशाला हात लावते! जाळीतून नुसती बघितली. पंजासारखी पानं, कडेला दातेरी. मला लगेच कळलं काय ते. पण तू आपणहून सांगितलं नाहीस, म्हणजे मला चकित करायचं असणार, म्हणून मीही गप्प आहे. बरं वाटलं, एवढंच लिहिते.

इथे पाय एका जागी ठरत नाहीत माझे. घरात काम उरत नाही, सगळं यंत्रं करतात. हे पत्र लिहितानाही मध्ये उठून सगळ्या खिडक्या बघून आले, उगाच.

तुझी
आई


बाड हॉम्बुर्ग, २२ ऑगस्ट

चि. उत्कर्ष,

तुला कुहूने व्हिडिओ कॉलवर सांगितलंच आहे. तरी माझ्या तोंडून ऐक, म्हणजे तिखटमीठ तरी माझंच असेल.

मालविका ऑफिसला गेली होती आणि कुहूची शाळा नुकतीच सुरू झाली होती. मला सकाळपासून चैन नव्हतं. वाटलं, अंबाडीची भाजी करावी. अंबाडीच वाटली रे मला! मी जन्मभर मंडईत पानं हातात घेऊन अंबाडी निवडली आहे, मला कोण फसवणार? आणि मनात पक्कं बसलं होतं की आईला अंबाडी आवडते, ती येणार आहे, म्हणून लेकाने जर्मनीत बी मिळवून लावली. तू पेरली असशील तेव्हा मी व्हिसाच्या रांगेत उभी होते, असा हिशेबसुद्धा मी मनात जुळवला.

शेंड्याची कोवळी कोवळी पानं खुडून आणली. वास जरा उग्र होता. पान चावून पाहिलं तर आंबटपणाचं नाव नाही. म्हटलं, इथल्या मातीत आंबटपणा कुठून यायचा, ऊनच नाही. मग चिंच घातली. तांदळाच्या कण्या, हरभऱ्याची डाळ, दाणे, गूळ, सगळं रीतसर. वरून लसणीची चरचरीत फोडणी, तेल अजिबात कमी नाही. पिठाची पिशवी पुण्याहून आणलीच होती, भाकऱ्या थापल्या.

कुहू शाळेतून आली, पातेल्यात डोकावली आणि नाक मुरडून "इईई" म्हणाली. तिने लोणी घालून नूडल्स खाल्ल्या. मी तिला चार वाक्यं ऐकवली की पालेभाजी खात नाहीस म्हणून चष्मा लागेल. देवा, ते कार्टं हट्टी निघालं म्हणून मी आज तुझ्या पाया पडते.

मी पोटभर जेवले. मग जरा वेळाने कपड्यांचं मशीन फिरत होतं ते बघून मला हसू यायला लागलं. थांबेना. कुहूला मी तुझ्या मुंजीतली गोष्ट सांगितली, संपली की परत पहिल्यापासून सांगितली. ती पोरगी हसून हसून सोफ्यावरून पडली. नंतर मात्र घशाला कोरड पडली, जमीन लांब गेली, आणि मला वाटलं, झालं, आता परदेशातच आटोपलं. मी आडवी झाले.

मालविका आली. तिने पातेलं पाहिलं, आणि ऑफिसच्या कपड्यांत तशीच स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली. मग उठून आधी कुहूला जवळ घेऊन "तू खाल्लंस का? खरं सांग" म्हणून विचारलं. मग डॉक्टर बोलावले. ते म्हणाले, झोपू द्या, पाणी पाजा. दुसऱ्या दिवशी मालविकाने सांगितलं, "आई, ती अंबाडी नाही. भांगेची झाडं आहेत. इथे आता मोठ्या माणसाला घरी तीन झाडं लावता येतात, कायद्याने. फक्त मुलांच्या हाताला लागता कामा नयेत."

महाशिवरात्रीला सगळी आळी प्यायची तेव्हासुद्धा मी ओठाला लावली नाही. आणि अडुसष्टाव्या वर्षी भाकरीशी खाल्ली!

हसून घे. मीही हसते आहे. पण तू माझ्यासाठी काही लावलं नव्हतंस, हे कळल्यावर मला जे वाईट वाटलं ते भांगेपेक्षा जास्त चढलं. ते काही पाणी पिऊन उतरलं नाही.

आता प्रकृती उत्तम आहे.

आई


बाड हॉम्बुर्ग, ३ सप्टेंबर

चि. उत्कर्ष,

तुझा आवाजी निरोप ऐकला. पुन्हा ऐकला. मग चप्पल घालून स्टेशनपर्यंत चालत गेले, आणि काही न करता परत आले.

म्हणजे नोकरीचं निमित्त होतं. तुम्ही वेगळे झालात, आणि ही गोष्ट मला माझ्या मुलाकडून फोनमधल्या एका निरोपात कळली, तीही "बाय द वे" म्हणून. पुण्यात असते तर भांडले असते. इथे कोणाशी भांडू? मालविका ऑफिसला, आणि भिंतींना मराठी येत नाही.

तुझं म्हणणं मला समजलं, तेच परत लिहिते, म्हणजे चूकभूल नको. कुहूने ड्रेस्डेनला तुझ्याकडे राहावं असं तुला वाटतं. तसं तू इथल्या मुलांच्या कचेरीला, त्या युगेंडआम्टला कळवलं आहेस. कारण काय, तर मालविकाच्या घरात भांगेची झाडं उघड्यावर असतात, आजी पानं तोडून भाजी करू शकते, तर उद्या मूलही तोडेल. आणि मी फक्त एवढं लिहून द्यायचं की जाळीचं दार उघडं होतं. "दोन ओळी, आई. सही कर. बाकी माझा वकील बघेल."

दोन ओळी. तू लहानपणी शाळेला दांडी मारायचास तेव्हाही म्हणायचास, "आई, दोनच ओळी लिही ना बाईंना, ताप होता म्हणून."

दाराचं मला आत्ता नीट आठवत नाही. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. आठवलं की लिहिते.

गणपती दीड दिवसाचा बसवला. मूर्ती कुहूने मातीची केली, सोंड जरा जास्तच लांब झाली. आरतीच्या वेळी तिला शब्द येत नाहीत, पण टाळ्या बरोबर समेवर. विसर्जन बादलीत केलं आणि ते पाणी मालविकाने झाडांना घातलं. तुझ्याही झाडांना घातलं, मी पाहिलं.

काल कुहू माझ्या पांघरुणात शिरली आणि म्हणाली, "मुस इश नाख ड्रेस्डेन?" मला जर्मन येत नाही. पण ड्रेस्डेनला जावंच लागेल का, हे विचारणाऱ्या पोरीचा चेहरा कुठल्याही भाषेत कळतो. मी म्हटलं, झोप आता. ती झोपली. मी नाही.

आई


बाड हॉम्बुर्ग, १५ सप्टेंबर

उत्कर्ष,

"आई, तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?" असं विचारलंस. इतक्या मोठ्याने विचारलंस की फोन कानापासून लांब धरावा लागला. मुलाच्या बाजूने नसेल अशी आई कुठे बघितलीस? पण बाजू घेणं म्हणजे काय, ते मला इतके दिवस कळत होतं, आता कळेनासं झालंय.

त्या कचेरीतली बाई घरी येऊन गेली. साधी होती, सायकलवरून आली. मालविकाने तिला अंगण दाखवलं, जाळी दाखवली. बाईने बरंच विचारलं आणि मालविका एकाच वाक्याने उत्तर देत होती असं मला वाटलं, कारण आवाज तोच आणि मान तशीच हलायची. "या, गेनाऊ," म्हणजे हो, बरोबर, असं बाई म्हणायची आणि लिहून घ्यायची. मी चिवडा पुढे केला. मला दोघींनी हसून दाखवलं.

बाई गेल्यावर मी मालविकाला धरलं. म्हटलं, काय सांगितलंस ते मला शब्दाशब्दाने सांग. ती भांडी लावत होती. म्हणाली, "काही नाही हो. घर माझं, झाडं माझ्या अंगणात, जे झालं त्याची जबाबदारी माझी. एवढंच."

"आणि मी?"

"तुमचं नाव नाही घेतलं. पाहुण्या आल्या होत्या, चुकून पानं तोडली गेली, असं म्हटलं. तुमच्या व्हिसाचं काही झालं तर? परत कुहूला भेटायला येता नाही आलं तर?"

"अगं, पण झाडं तर त्याने लावली!"

तिने एक ताट दोनदा पुसलं. म्हणाली, "कुहूचा बाबा आहे तो. तिच्या कागदावर त्याच्याबद्दल वाईट शब्द मला नकोत. आणि आई, तुम्ही यात पडू नका. तो तुमचा मुलगा आहे."

मी कधी तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, तूही पाहिलं आहेस. तिची पोळी जाड होते, ती वाद घालते, लग्नात तिच्याकडच्यांनी मानपानात घोळ घातला, सगळं मला तोंडपाठ आहे. त्या क्षणी एकही आठवेना.

मग मी विचारलं, तू तर ओढत नाहीस, मग त्या झाडांना रोज पाणी कशाला घालतेस? उपटून टाक की.

"त्याने बी रुजवलं ना, तेव्हा ते कुहूच्या दह्याच्या रिकाम्या डब्यांत इथे खिडकीत होतं. त्याला तेव्हा झोपच येत नव्हती, आई. महिनोन् महिने. ऑफिसमधून माणसं काढत होते, कधी आपला नंबर लागेल म्हणून पहाटेपर्यंत घरभर फिरायचा. कोणीतरी सांगितलं याने झोप लागते. आल्झो, म्हणजे झाडं वाढली, पण फुलं धरायच्या आतच तो गेला. आता हाताने वाळू देववत नाहीत."

तुला झोप येत नव्हती, उत्कर्ष? मग मला का नाही फोन केलास? मीही जागीच असते रे. आपण दोघं काही बोललो नसतो तरी चाललं असतं, फोन नुसता जोडलेला राहिला असता. घरभर फिरायची सवय तुला कोणाकडून आली ते आज मला कळलं.

तुझा राग आला आहे आणि तुला कुशीत घ्यावंसं वाटतं आहे. दोन्ही एकदम. मी काय करू, सांग.

आई


बाड हॉम्बुर्ग, २२ सप्टेंबर, घटस्थापना

उत्कर्ष,

गुरुवारी त्या कचेरीत सगळ्यांची बैठक आहे. तू ड्रेस्डेनहून येणार, मालविका असणार, ती सायकलवाली बाई असणार. मी मालविकाला म्हटलं, मीही येणार. ती नको म्हणाली. मी म्हटलं, "मी तुला विचारलं नाही, सांगितलं." तेव्हा मराठी समजणारी दुभाषी ठरवली आहे. मालविकाची कोणी देवश्री म्हणून आहे, न्यायालयात तेच काम करते.

तिथे मी काय बोलणार आहे ते तुला आधी कळावं, म्हणून हे लिहिते. लोकांसमोर आईने अचानक काहीतरी काढलं, असं तुला वाटता कामा नये.

दाराचं मला आठवत नाही असं मी लिहिलं होतं. खोटं होतं. पहिल्या दिवसापासून लख्ख आठवतं.

दाराला कुलूप होतं. पितळी, तूच लावलेलं. आणि किल्ली तू स्वयंपाकघराच्या चौकटीवर, पार वर खिळा ठोकून अडकवलीस, कुहू खुर्चीवर चढली तरी पोचणार नाही अशी. मी त्या दिवशी आधी जाळीपाशी गेले, कुलूप पाहिलं, म्हटलं हरणांसाठी असेल. परत आले. खुर्ची ठेवली, खुर्चीवर भाजी चिरायचा जाड ठोकळा ठेवला, त्यावर या ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांनी चढले आणि किल्ली काढली. भाजी तोडून झाल्यावर कुलूप परत लावलं, दोनदा ओढून बघितलं, किल्ली होती तिथे अडकवली. चोरसुद्धा इतका व्यवस्थित नसतो.

मालविकाने "हात नका लावू" म्हणून सांगितलं होतं. तरी लावला. सुनेने नको म्हटलेलं करायची मला खुमखुमी आहे, ती तुला नवी नाही.

तुला लिहिताना मी कुलपाचं गाळलं. कारण ऐकशील तर कपाळाला हात लावशील. तू गुडघ्यांवरून ओरडशील म्हणून गाळलं, बस. आणि कुलूप उघडून दुसऱ्याच्या घरातली भाजी चोरली हे लिहायची लाज वाटली म्हणून. एवढ्याशा लाजेतून तू "दार उघडं होतं" असं धरून चाललास, आणि मी धरू दिलं. तुझा तो निरोप आला तेव्हा लगेच लिहायला हवं होतं. पण लिहिलं असतं तर तुझी बाजू पडली असती, आणि तू परत माझा फोन उचलला नसतास. मी घाबरले. तू एकच आहेस रे मला.

पण कुहू एकदा घरातून उठली की परत बसवता येत नाही. तिची शाळा इथे आहे, मैत्रिणी इथे आहेत, आणि त्या घरात तिच्या आईने एकही गोष्ट उघडी टाकलेली नव्हती. उघडली ती मी.

म्हणून गुरुवारी मी सांगणार: कुलूप होतं. किल्ली उंच होती. मुलीच्या हाताला लागेल असं काही नव्हतं. चूक झाली ती एका हट्टी म्हातारीची, जिने आपल्या देशातली भाजी समजून परक्या देशातलं झाड शिजवलं. त्यांना माझा व्हिसा रद्द करायचा असेल तर करोत. कुहू मोठी होऊन पुण्याला येईल.

तुझ्या वकिलाच्या दोन ओळींवर मी सही करणार नाही. तो कागद पाकिटात घालून परत पाठवते आहे.

आता शेवटचं. आज सकाळी घट बसवला, कुहूने माती कालवली, धान्य पेरलं. हात मातीने भरलेले असताना तिने खिडकीतून तुझ्या झाडांकडे बघितलं आणि म्हणाली, "पापास फ्लान्त्सन." बाबाची झाडं. मालविकाने तिचे हात धुतले.

त्या बाईला अजून माहीत नाही की झाडं कोणी लावली. मालविका सांगणार नाही, तिने ठरवलं आहे. मी सांगू शकते. माझ्या जिभेवर आहे. देवश्रीला एक वाक्य दिलं की काम झालं. पण मी ते सांगणार नाही, उत्कर्ष. ते वाक्य मी तुझ्यासाठी ठेवलं आहे. आपण रुजवलेलं आपलं आहे, एवढं माझा मुलगा आपल्या तोंडाने म्हणतो की नाही, ते मला समोर बसून ऐकायचं आहे. म्हणालास तर मी तुझ्याच बाजूने बसलेली असेन. नाही म्हणालास तरी खुर्ची हलवणार नाही, पण तुझ्याकडे बघणं मला जड जाईल.

तुझी
आई

ता. क. बुधवारीच ये, मालविकाला विचारलं आहे, बाहेरच्या खोलीत अंथरूण घालते. झोप नाही लागली तर मला उठव. भाजी पालकाची करणार आहे, विकतची.